‘माउलवुर्फ’मध्ये तोंड आलं कुठून? जर्मन जोडशब्दाचं कूळ शोधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मन शिकताना ‘माउलवुर्फ’ हा प्राणी भेटला. ‘माउल’ म्हणजे जनावराचं तोंड, ‘वुर्फ’ म्हणजे फेक. पण हा प्राणी माती उकरतो आणि वर ढकलतो ती पुढच्या फावड्यासारख्या पंजांनी. मग नावात तोंड का? दुसरं, कुणीतरी तुम्हाला सांगितलं की ‘वेरवोल्फ’ (लांडगा होणारा माणूस) म्हणजे सरळ संस्कृत ‘वीर-वृक’. हे खरं मानायचं का? आणि तिसरं, असं मूळ आपलं आपण कसं तपासायचं?

आधी एक किरकोळ दुरुस्ती. बऱ्याच ठिकाणी माउलवुर्फचं भाषांतर ‘चिचुंद्री’ असं केलेलं दिसतं. चिचुंद्री वेगळी. माउलवुर्फ हा युरोपातला, जमिनीखाली बोगदे करून राहणारा, मखमली काळ्या अंगाचा प्राणी. बागेत मातीचे छोटे छोटे ढीग दिसले की जर्मन माणूस ओळखतो, हा आला म्हणून. महाराष्ट्रात तो नाहीच, म्हणून आपल्याकडे त्याला रुळलेलं नावही नाही. हे ढीग लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तुमची खरी अडचण तोंडाची नाही. तुम्ही आजच्या शब्दकोशाने कालचा शब्द फोडलात, तिथे गाडी अडली. जोडशब्द ज्या काळी घडतो त्या काळच्या तुकड्यांनी घडतो. पुढे त्यातला एखादा तुकडा भाषेतून नाहीसा होतो, उच्चार बदलतात, आणि उरलेला शब्द लोक आपल्या परीने समजून घेतात. त्यामुळे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा: आजच्या जर्मन माणसाला या शब्दात काय ऐकू येतं, आणि शब्द निघाला कुठून. परीक्षेसाठी शब्द पाठ करायचा असेल तर पहिला प्रश्न पुरतो. ‘तोंडाने माती फेकणारा’ असं लक्षात ठेवलंत तर काही बिघडत नाही. कूळ हवं असेल तर मात्र मागे चालत जावं लागतं.

सुरुवात फोड करण्यापासून. जर्मन जोडशब्दात शेवटचा घटक मुख्य असतो. लिंग आणि अनेकवचन तोच ठरवतो, आधीचा घटक विशेषण म्हणून येतो. पण सांधा नेमका कुठे आहे हे लिखाणावरून नेहमी कळत नाही. ‘वाखश्टुबे’ (Wachstube) या अक्षरांकडे पाहा: ‘वाख’ अधिक ‘श्टुबे’ म्हटलं तर पहारेकऱ्यांची खोली, ‘वाक्स’ अधिक ‘टुबे’ म्हटलं तर मेणाची ट्यूब. रोमन लिपीत दोन्ही एकच. संदर्भ आणि उच्चार पाहिल्याशिवाय फोड करू नका. मधल्या जोडअक्षरांकडेही लक्ष द्या. ‘लीबेसब्रीफ’, म्हणजे प्रेमपत्र, यात मधे ‘स’ आहे. तो षष्ठीचा वाटतो, पण ‘लीबे’ स्त्रीलिंगी आहे आणि तिच्या षष्ठीला ‘स’ लागत नाही. म्हणजे हा ‘स’ इतर शब्दांवरून सवयीने चिकटलेला, केवळ सांध्याचा. याउलट ‘नाख्टिगाल’ (बुलबुलासारखा, रात्री गाणारा पक्षी) यातला मधला ‘इ’ जुना आहे. प्राचीन रूपं ‘नाख्टागाला’, ‘नाख्टिगाला’. पहिला घटक म्हणजे रात्र, आपल्या ‘नक्त’ व्रतातलाच ‘नक्त’, आणि दुसरा ‘गालान’, गाणे, या मेलेल्या क्रियापदापासूनचा. ‘नाख्टिगाल’मधला ‘इ’ हा त्या जुन्या मधल्या स्वराचा अवशेष आहे. आजच्या ‘गाल्ले’ या शब्दाचा, म्हणजे पित्ताचा, इथे काही संबंध नाही.

पुढचं काम म्हणजे सर्वांत जुनं लिखित रूप मिळवणं. यासाठी व्युत्पत्तिकोश हवा, साधा कोश नाही. क्लुगेचा कोश १८८३ पासून वेळोवेळी सुधारत आला आहे. फायफरच्या संपादनाखालचा कोश १९८९ चा, आणि तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. ग्रिम बंधूंचा महाकोश १८३८ मध्ये सुरू झाला, पहिला खंड १८५४ मध्ये आला आणि शेवट १९६१ मध्ये झाला. त्यात जुनी अवतरणं भरपूर मिळतात, पण व्युत्पत्तीची मतं आज जुनी झालेली असतात, एवढं भान ठेवून वापरा. नोंदीत तीन कालखंड दिसतील: प्राचीन उच्च जर्मन (‘उच्च’ म्हणजे दक्षिणेकडच्या उंच प्रदेशातली; साधारण ७५० ते १०५०), मध्य उच्च जर्मन (१३५० पर्यंत) आणि आरंभीची नव-उच्च जर्मन (१६५० पर्यंत). एखाद्या रूपाआधी तारा (*) असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून उभं केलेलं आहे. नवशिके तारा गाळून उतरवून घेतात आणि तर्क पुरावा म्हणून मिरवतात.

आता माउलवुर्फ. प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘मूवेर्फ’, ‘मूवुर्फ’ अशी रूपं आहेत. यातला ‘मू’ म्हणजे ढीग. प्राचीन इंग्रजीत त्याच घरातला ‘मूगा’ हा शब्द ढिगासाठी आहे. दुसरा घटक ‘वेर्फन’, फेकणे, यापासूनचा, पण आजच्यासारखा ‘फेक’ या अर्थाचा नाही. तो कर्ता सांगतो, ‘फेकणारा’. आपल्या ‘कुंभार’मध्ये ‘कुंभकार’मधला ‘कार’ जसा करणाऱ्याचा आहे, तसा. म्हणजे अर्थ झाला ढीग फेकणारा. बागेतले ते ढीग आठवा.

‘मू’ हा शब्द भाषेतून नाहीसा झाला. त्याच्या जागी आणि त्याच्या शेजारी ‘मोल्टवेर्फ’ हे रूप दिसतं. ‘मोल्ट’ म्हणजे भुसभुशीत माती, धूळ. आता तो झाला मातीफेक्या. यातला जास्त जुना घटक ‘मू’ की ‘मोल्ट’, यावर कोशकारांचं एकमत नाही, कारण डॅनिशमध्ये याच प्राण्याला ‘मुल्डवार्प’ म्हणतात आणि जुन्या इंग्रजीच्या बोलींत ‘मोल्डवार्प’ होता. दोन्हीत पहिला घटक मातीचाच. एवढ्या लांबच्या बहिणींत माती असेल तर ती अर्थातच जुनी. पण ‘मू’ची लिखित रूपंही खरी आहेत. दोन रूपं शेजारी शेजारी नांदली, हे मान्य करून पुढे जाणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

मग ‘मोल्ट’ही मागे पडला. मध्य उच्च जर्मनमध्ये ‘मूलवेर्फ’, ‘मूलवुर्फ’ अशी रूपं दिसू लागतात, आणि ‘मूल’ म्हणजे तोंड. (आपल्या ‘मूळ’शी याचा संबंध नाही; देवनागरीत लिहिलं की डोळ्यांना भूल पडते.) लोकांना ‘मू’ही कळेना, ‘मोल्ट’ही कळेना, कानाला जवळचा, अर्थ असलेला शब्द होता ‘मूल’. तो बसवला गेला. तुमचं तोंड आलं ते इथून. नंतर ‘मूल’चा ‘माउल’ झाला, तो मात्र कुणी बसवला नाही. तो नियमाने झाला.

हा नियम नीट समजून घ्या, कारण निम्मी तपासणी त्यावर चालते. बाराव्या शतकापासून जर्मन प्रदेशाच्या आग्नेय भागातून एक बदल पसरत गेला: दीर्घ ‘ई’चा ‘आय’, दीर्घ ‘ऊ’चा ‘आउ’, आणि ‘यू’सारख्या दीर्घ स्वराचा ‘ऑय’. जर्मन वर्गात यासाठी एक वाक्य पाठ करून घेतात: ‘मीन न्यूवेस हूस’चं झालं ‘माइन नॉयेस हाउस’, माझं नवं घर. ‘मूस’चा ‘माउस’ झाला, म्हणजे उंदीर. आपल्या ‘मूषक’मध्ये तो दीर्घ ‘ऊ’ अजून जिवंत आहे. स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलींत बदल पोचला नाही, तिथे आजही घराला ‘हूस’च म्हणतात.

हा नियम कोर्टातल्या साक्षीसारखा कसा वापरायचा, याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ‘फ्रीडहोफ’, दफनभूमी. आज प्रत्येकाला त्यात ‘फ्रीडे’ म्हणजे शांती आणि ‘होफ’ म्हणजे अंगण ऐकू येतं. चिरशांतीचं अंगण, अर्थ इतका चपखल की शंका घ्यावीशी वाटत नाही. पण जुनं रूप ‘फ्रीटहोफ’, दीर्घ ‘ई’चं, आणि अर्थ होता देवळाभोवतालचं कुंपण घातलेलं, राखलेलं आवार, देऊळ म्हणजे इथे चर्च. पहिला घटक ‘फ्रीटेन’, जपणे, राखणे, याच्या घरातला. दीर्घ ‘ई’चा नियमाने ‘आय’ व्हायला हवा, म्हणजे आज शब्द ‘फ्राइटहोफ’ असायला हवा होता. आणि गंमत नव्हे, पुरावा म्हणून पाहा: बवेरिया आणि ऑस्ट्रियाच्या बोलींत ‘फ्राइटहोफ’ हाच शब्द टिकून आहे. प्रमाण भाषेत मात्र लोकांनी तो ‘फ्रीडे’च्या जवळ ओढला, म्हणून ‘ई’ राहिली. ‘फ्रीडे’मधली ‘ई’ मुळात ऱ्हस्व होती, नंतर लांबली, त्यामुळे ती ‘आय’च्या वाटेला गेलीच नाही. एका स्वराने दोन शब्दांचे रस्ते वेगळे दाखवून दिले.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती सुटते. ‘फ्रीडे’ आणि ‘फ्रीटेन’ परके नाहीत. दोघांचं मूळ एका फार जुन्या धातूत आहे, ज्यातून संस्कृतात ‘प्रिय’ आला आणि जर्मनमध्ये ‘फ्रॉयंड’ (मित्र) आणि ‘फ्राय’ (मुक्त) आले. म्हणजे नातं आहे, पण चुलत बहिणींचं, आई-मुलीचं नाही. ‘फ्रीडहोफचा शांतीशी काही संबंध नाही’ असं ठासून सांगणारेही चुकतात आणि ‘शांतीपासूनच निघाला’ म्हणणारेही.

बाहेरून आलेल्या शब्दांच्या बाबतीत ही ओढाताण फार मोकळेपणाने चालते, कारण तिथे मूळ तुकडे कुणालाच ठाऊक नसतात. ‘हेंगेमाटे’, झोपाळ्यासारखं टांगलेलं जाळीचं अंथरूण, ऐकायला पक्का जर्मन: टांगायची चटई. प्रत्यक्षात शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा ‘हमाका’. स्पॅनिशमधून डच भाषेत गेला, डच लोकांनी त्याचं ‘हांगमाट’ केलं आणि जर्मनने ते उचललं. ‘आर्मब्रुस्ट’ म्हणजे कळ दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य. आज त्यात ‘आर्म’ (हात) आणि ‘ब्रुस्ट’ (छाती) दिसतात. मूळ लॅटिन ‘आर्कुबालिस्टा’: ‘आर्कुस’ धनुष्य आणि ‘बालिस्टा’ फेकयंत्र. जुन्या फ्रेंचमधून येता येता दोन्ही घटक बदलून शरीराचे अवयव झाले. आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेल्या ‘पाव’ला ‘पायाने तुडवतात म्हणून पाव’ म्हणणारे आहेत, ती वृत्ती हीच.

क्वचित लोकांनी केलेली फिरवाफिरव नंतर परतही घेतली जाते. महाप्रलयाला प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘झिनफ्लुओट’ होता. ‘झिन’ म्हणजे सदैव, सर्वत्र. मधे ‘ट’ घुसून ‘झिंटफ्लूट’ झाला. मग ‘झिन’ कळेना, आणि प्रलय पापामुळे आला ही कथा तर सर्वांना माहीत. म्हणून ‘झ्युंडफ्लूट’, पापाचा पूर, असं रूप खूप चाललं. आज प्रमाण लेखन पुन्हा ‘झिंटफ्लूट’ आहे, पण जुन्या पुस्तकांत दुसरं भेटलं तर छपाईची चूक समजू नका.

आता तुमचा ‘वीर-वृक’. इथे अर्धं उत्तर होकारार्थी आहे. ‘वेरवोल्फ’मधला ‘वेर’ म्हणजे पुरुष, माणूस. आज तो एकटा वापरात नाही, पण प्राचीन उच्च जर्मनमध्ये होता. गॉथिक या जर्मनच्या लुप्त झालेल्या बहीण-भाषेत ‘वाइर’ असा लिहिलेला, लॅटिनमध्ये ‘विर’, संस्कृतात ‘वीर’. जर्मनिक (जर्मन, इंग्रजी, डॅनिश यांच्या कुळातल्या) भाषांत आणि लॅटिनमध्ये स्वर आखूड झाला, एवढाच फरक. ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा आणि तो संस्कृत ‘वृक’चा नातलग आहे, भीमाच्या ‘वृकोदर’ या नावातला वृक. हे पटायला एक अडचण मात्र आहे: व्यंजनबदलाच्या नियमाप्रमाणे शेवटी ‘ह’सारखा ध्वनी यायला हवा, ‘फ’ नाही. मूळ ध्वनी ओठ गोल करून उच्चारलेला ‘क्व’ होता, आणि शब्दात आधीच ओठांचा ‘व’ असल्याने तो ओठांकडे सरकला, असं स्पष्टीकरण दिलं जातं. त्याला जोड म्हणून ‘फ्युन्फ’ पाहा, म्हणजे पाच. आपल्या ‘पञ्च’मध्ये ‘च’ आहे तिथे जर्मनमध्ये ‘फ’ आहे, आणि मूळ ध्वनी तोच ‘क्व’.

म्हणजे तुकडे दोन्ही नात्याचे. पण जोडशब्द नात्याचा नाही. ‘वेर’ आणि ‘वोल्फ’ यांची जोड जर्मनिक भाषांनी आपल्या घरी केली. इंग्रजीतही ती आहे. लांडगा होणाऱ्या माणसासाठी ‘वीरवृक’ असा शब्द संस्कृतात वारशाने आलेला नाही. ‘वेरवोल्फ हा वीर-वृक शब्द आहे’ आणि ‘वेरवोल्फचे दोन्ही घटक वीर आणि वृक यांचे नातलग आहेत’, या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं चूक, दुसरं बरोबर.

हाच ‘वेर’ अजून एका ठिकाणी लपलेला आहे आणि तो जर्मन माणसालाही सहसा माहीत नसतो. ‘वेल्ट’, जग. प्राचीन रूप ‘वेराल्ट’: ‘वेर’ माणूस आणि दुसरा घटक वय, काळ, आजच्या ‘आल्ट’ (जुना) याच्या घरातला. माणसांचा काळ, मनुष्ययुग, त्यावरून जग. सांधा इतका घासला गेला की आज तो एकाक्षरी साधा शब्द वाटतो, जसा ‘देऊळ’मधला ‘देवकुल’ आपल्याला दिसत नाही. ‘वेल्टआनशाउंग’, जगाकडे पाहण्याची दृष्टी, हा शब्द १७९० मध्ये इमान्युएल कांटच्या लेखनात येतो, तेव्हा त्याचा पहिला घटक स्वतःच एक विसरलेला जोडशब्द आहे. म्हणून फोड एकदा करून थांबू नका. मिळालेला तुकडाही कोशात पाहा.

संस्कृतशी साम्य दिसलं की मराठी माणसाला हुरूप येतो, आणि तो योग्यच आहे, पण साम्य नियमित हवं. एक जोडी पुरत नाही, रांग हवी. संस्कृत ‘प’ला जर्मन ‘फ’: पितृ–फाटर, पशु–फी, पाद–फूस. हा नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. संस्कृत ‘द’ला जर्मन ‘त्स’: दश–त्सेन, दन्त–त्सान, द्वि–त्स्वाय, मधली पायरी इंग्रजीत ‘टेन’, ‘टूथ’, ‘टू’ अशी उभीच आहे. माउलवुर्फमध्येही हे दिसतं: डॅनिश ‘वार्प’मधला ‘प’ उच्च जर्मनमध्ये ‘फ’ झाला, म्हणून ‘वुर्फ’. अशी रांग लागत नसेल तर सारखा उच्चार पुरावा ठरत नाही. मॅक्स म्युलरने स्वतःचं नाव संस्कृतात ‘मोक्षमूलर’ लिहिलं आणि जर्मनीसाठी ‘शार्मण्यदेश’ हे नाव संस्कृत लेखनात वापरलं जातं; हे देखणं रूपांतर आहे, व्युत्पत्ती नाही. जर्मन लोक स्वतःच्या भाषेला ‘डॉइच’ म्हणतात, आणि ते ‘लोकांची’ या अर्थाच्या ‘द्युटिस्क’पासून आलं.

एक सापळा अजून राहिला: भाषांतरित जोडशब्द. तुकडे अस्सल जर्मन, जोडही नियमाप्रमाणे, पण कल्पना उसनी. ‘मिट्वोख’, बुधवार, म्हणजे आठवड्याचा मध्य. चर्चच्या लॅटिनमध्ये तसंच म्हणत, तिथून तो बेतला आणि वोडान देवाचं नाव असलेला जुना वार जर्मनमध्ये मागे पडला. ‘ग्रोसमुटर’, आजी, हा फ्रेंच शब्दावरून घडवलेला. ‘वोल्केनक्राट्सर’, ढगांना खरवडणारी उंच इमारत, इंग्रजीवरून. अशा शब्दाचे तुकडे हजार वर्षं मागे नेता येतात, पण शब्दाचा जन्म नेता येत नाही. वहीत ‘तुकड्यांचं वय’ आणि ‘जोडीचं वय’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. अर्धे गोंधळ तिथेच मिटतात. तिसऱ्या रकान्यात आजची समजूत लिहा, चौथ्यात बोलीतली किंवा बहीण-भाषांतली रूपं.

काही रकाने रिकामे राहतील, त्यांना रिकामेच राहू द्या. ‘मेअररेटिश’ हा तिखट मुळा घ्या. ‘मेअर’ म्हणजे समुद्र, तर समुद्रापलीकडून आलेला मुळा? की पहिला घटक ‘मेअर’ म्हणजे अधिक, मोठा, तर मोठा मुळा? प्राचीन रूप ‘मेरिराटिख’, आणि दोन्ही स्पष्टीकरणं कोशांत दिलेली आढळतात. अशा ठिकाणी दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका. सराव हवा असेल तर ‘हागेश्टोल्त्स’ घ्या, म्हणजे वय झालेला अविवाहित पुरुष. त्यातला ‘श्टोल्त्स’ आज ‘गर्विष्ठ’ असा दिसतो. प्राचीन रूप ‘हागुश्टाल्ट’, आणि ‘हाग’ म्हणजे कुंपण. दुसरा घटक कोणाचा आणि कुंपणाचा लग्नाशी संबंध काय, हे कोशातून काढा आणि काढलंत की इथेच लिहा. जमिनीच्या वारसाहक्काचा धागा हाताला लागला की समजा वाट बरोबर आहे.